‘माणूस चांगला वाटतोय, विसार पाठवू का?’

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मुलगी संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेते. तिचा सहा वर्षं वापरलेला लॅपटॉप गेल्या महिन्यात बंद पडला आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून तिने तो नाद सोडला. मनासारखा नवा घ्यायला पैसे पुरत नाहीत. एका जाहिरातींच्या साइटवर तिला वापरलेला लॅपटॉप दिसला: आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११ घातलेलं, किंमत नव्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. विकणारा दुसऱ्या शहरात राहतो. परदेशी जायचं असल्याने घाईने विकतोय, आज रात्रीपर्यंत निम्मी रक्कम विसार म्हणून पाठवली तर उद्याच कुरिअर करतो, आणखी दोघे मागे लागलेत, असं त्याचं म्हणणं. बोलायला अतिशय सभ्य. मागितल्याबरोबर ओळखपत्राचा फोटो पाठवला. लॅपटॉप पूर्ण फॉरमॅट करून ‘अगदी नव्यासारखा’ देईन म्हणाला. मोठा भाऊ म्हणतो, जुना घेऊच नकोस, त्यापेक्षा स्वस्तातला नवा घे. मैत्रीण म्हणते, सगळे घेतात, काही होत नाही. वडिलांनी साठवलेले पैसे तिच्या हाती दिले आहेत आणि ‘तुला समजतं ते कर’ एवढंच म्हटलं आहे. तिने लॅपटॉपचे चार फोटो आणि माहितीच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडून विचारलं आहे: माणूस विश्वासू वाटतो, पैसे पाठवू का?

तुझं पत्र वाचल्यावर ‘आज पैसे पाठवू नकोस’ एवढं एकच वाक्य तुला लगेच कळवलं होतं. तू ते ऐकलंस, आणि दुसऱ्या दिवशी कळवलंस की तो आता रविवारपर्यंत थांबायला तयार आहे. बरं झालं. आता निवांत बोलू. फक्त एक गोष्ट मनात नोंदवून ठेव: ‘आज रात्रीपर्यंत’ ही मुदत खरी नव्हती. त्यावरून तो माणूस लबाड ठरत नाही, विकणारे घाई करतातच. पण त्या मुदतीने तुझ्या पोटात जो गोळा आला होता, तो उगाच आला होता.

तू विचारतेस, माणूस विश्वासू आहे का. मला ते सांगता येणार नाही आणि खरं तर तुलाही चार दिवसांच्या मेसेजवरून कळणार नाही. फसवायला बसलेला माणूस उद्धट बोलत नाही, गोड बोलणं हेच त्याचं भांडवल असतं. ओळखपत्राचा फोटो तर कुणाचाही असू शकतो. ऑनलाइन व्यवहारात एकाकडून ‘खात्रीसाठी’ मागवलेलं ओळखपत्र पुढच्या गिऱ्हाइकाला स्वतःचं म्हणून दाखवलं जातं. म्हणून आधी सांग, तू त्याला तुझं पाठवलंस का? पाठवलं नसशील तर पाठवू नकोस.

पण समज, तो अगदी सरळ माणूस आहे. तरी तुझा प्रश्न सुटत नाही. त्याने तो लॅपटॉप कुठून घेतला, त्याआधी तो कुणाचा होता, आत कुठलं कुलूप आहे, बॅटरी किती थकली आहे, हे त्यालाही ठाऊक नसण्याची शक्यता भरपूर आहे. प्रामाणिक माणूसही अजाणतेपणी खराब वस्तू विकू शकतो. म्हणून मी तुझ्या जागी असते तर वेगळा प्रश्न विचारला असता: माझा अंदाज चुकला, तर माझे पैसे कोणत्या वाटेने परत येतील? विसार पाठवून कुरिअरची वाट बघण्याच्या योजनेत या प्रश्नाला उत्तरच नाही. खात्यातून खात्यात गेलेले पैसे समोरच्याच्या मर्जीवाचून सहसा परत येत नाहीत. त्याचा स्वभाव कसाही असो, ही व्यवहाराची रीतच मला मान्य नाही.

जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता. २००१ मध्ये त्याला आणखी दोघांसह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तू संख्याशास्त्राची, तुला त्याचा युक्तिवाद लगेच भिडेल. मोटार चांगली की खराब हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या मोटारीचा मालक म्हणतो, एवढ्यात मी कशाला विकू? तो बाजूला होतो. उरलेल्यांत खराब गाड्यांचं प्रमाण वाढतं, घेणारे आणखी कमी किंमत देतात, आणखी काही चांगल्या गाड्या बाहेर पडतात. लॅपटॉपचंही असंच. चांगला, जपून वापरलेला लॅपटॉप जाहिरातीपर्यंत पोचण्याआधी बऱ्याचदा भाच्याकडे, मित्राकडे, ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे जातो. म्हणून जाहिराती पाहायच्या आधी ओळखीपाळखीत विचार. तुझ्या विभागातल्या सीनिअर मुलांना, शिकवणाऱ्यांना, नोकरी करणाऱ्या नातलगांना एक मेसेज टाक. पत्रात तू असं कुणाला विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाहीस.

आता तुझे फोटो आणि स्क्रीनशॉट. मी ते नीट पाहिले, आणि दोन गोष्टी तुझ्या नजरेतून सुटल्या आहेत असं मला वाटतं.

पहिली म्हणजे स्क्रीनशॉटमधलं प्रोसेसरचं पूर्ण नाव. जाहिरातीत नुसतं ‘आय७’ आहे, स्क्रीनशॉटमध्ये ‘आय७-६६००यू’ आहे. ‘आय७’ वाचलं की ताकदवान असं आपण धरून चालतो. पण इंटेलच्या या नावांत खरी गोष्ट पुढच्या आकड्यांत असते. आकडा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक, नाहीतर पहिला एक अंक म्हणजे त्या चिपची पिढी. ६६०० म्हणजे सहावी पिढी. ही चिप २०१५ मध्ये आली आणि तिच्यात फक्त दोन कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे गणक भाग, आहेत. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीतल्या साध्या ‘आय५-८२५०यू’मध्ये चार आहेत. म्हणजे आय७ या बिरुदाखाली तुला आय५ पेक्षा कमी मिळतंय. (अलीकडच्या ‘अल्ट्रा’ वगैरे नावांना हा हिशोब लागू होत नाही, पण तुझ्या बजेटमध्ये ते बहुधा येणारच नाहीत.)

पिढीचा मुद्दा वेगापुरता नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि, इंटेलच्या बाबतीत मोजके अपवाद सोडून, आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अशी अट घातली आहे. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये साधारण २००० मालिकेपासून पुढे. सहाव्या पिढीचा लॅपटॉप या यादीत बसत नाही. मग त्यावर विंडोज ११ आलं कुठून? ती तपासणी टाळून ते बसवता येतं, बरेच जण बसवतात, आणि ते चालतंही. पण अशा लॅपटॉपला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि मागे विंडोज १० कडे जावं, तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘विंडोज ११ घातलेलं’ हे जाहिरातीतलं वाक्य खोटं नाही, पण ते तुला ज्या खात्रीचं वाटलं ती खात्री त्यात नाही. यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालून छान काम होऊ शकतं, तुझी आर आणि पायथनमधली आकडेमोडीची कामंही होतील. मात्र मग किंमत त्या हिशोबाने द्यायला हवी.

दुसरी गोष्ट तिसऱ्या फोटोत आहे. लॅपटॉपच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, खरवडून काढलेल्या चिकटपट्टीचा चौकोनी डाग दिसतो. अशा जागी कंपन्या आपल्या मालमत्तेचे बारकोड लावतात. त्यात हे मॉडेलही ऑफिसांना घाऊक विकलं जाणारं. तो मात्र म्हणतो, ‘मी शिक्षणासाठी स्वतः नवा घेतला होता.’ डागावरून मी काही सिद्ध करत नाही. आधीच्या कुणीतरी नावाचं लेबल लावलेलं असेल. पण हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण वापरलेल्या लॅपटॉपमधला मला सगळ्यात मोठा वाटणारा धोका इथेच आहे.

तो धोका म्हणजे कुलूप. स्क्रीन फुटली तर दिसते, बॅटरी उतरली तर कळते. कुलूप दिसत नाही. ऑफिसचे लॅपटॉप बहुतेकदा कंपनीच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदवलेले असतात. ही नोंद लॅपटॉपच्या डिस्कवर नसते. ती यंत्राच्या ओळखीला जोडून मायक्रोसॉफ्टच्या किंवा ॲपलच्या सर्व्हरवर असते. त्यामुळे फॉरमॅट मारून ती जात नाही. उलट, फॉरमॅटनंतर सुरुवातीच्या सेटअपमध्ये इंटरनेट जोडलं की पडद्यावर कंपनीचं नाव येतं आणि कामाचा लॉगिन मागितला जातो. यात एक खोच आहे. विकणाऱ्याने सेटअप करताना इंटरनेट जोडलंच नाही, तर लॅपटॉप मुकाट्याने सुरू होतो, तुझ्याकडे येतो, चार महिने चालतोही. मग तू काही कारणाने रीसेट करतेस आणि तेव्हा कुलूप पुढे येतं.

माझ्या जवळच्या एका मैत्रिणीवर हीच वेळ आली. आठ महिने वापरलेला लॅपटॉप तिने परीक्षेच्या तोंडावर हळू चालतो म्हणून रीसेट केला, आणि समोर एका अनोळखी कंपनीचं लॉगिन पान. विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झाला होता. कंपनीला पत्र लिहिलं, तर यंत्र त्यांच्या यादीत ‘हरवलेलं’ म्हणून होतं. तिने ते परत करून टाकलं. योग्यच केलं, पण पैसे आणि अभ्यासाचे पंधरा दिवस दोन्ही गेले. ती रडत होती तेव्हा मी तिच्याजवळ बसले होते, म्हणून हा भाग मी इतका लांबवते आहे.

चोरीचा माल अजाणता घेतला तरी बहुतेक ठिकाणी तो खऱ्या मालकाकडे परत जातो, आणि तुला पोलिसांना उत्तरं द्यावी लागतात ती वेगळीच. म्हणून मूळ खरेदीचं बिल माग. बिलावरचा सीरिअल नंबर, लॅपटॉपच्या पाठीवरचा नंबर आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, दिसणारा नंबर हे तिन्ही जुळायला हवेत. उत्पादक कंपनीच्या साइटवर तो नंबर घातला की मॉडेल आणि वॉरंटीची मुदत कळते. वॉरंटी पहिल्या विक्रीपासून मोजली जाते, त्यामुळे ‘दोनच वर्षं वापरलाय’ हे खरं की खोटं तेही त्यातून उमगतं. आणि ऑफिसने जुने झाले म्हणून रीतसर विकलेले लॅपटॉप असतात, त्यांत काही वावगं नाही. फक्त तसं सांगणारा कागद हवा आणि नोंद काढून टाकलेली हवी.

या सगळ्याची चाचणी एकच आणि सोपी आहे. लॅपटॉप तुझ्यासमोर पूर्ण रीसेट झालेला, स्वागताच्या पहिल्या पडद्यावर असायला हवा. तिथून पुढचा सेटअप तू करायचा, स्वतःच्या मोबाइलचं इंटरनेट जोडून. कुठल्याही संस्थेचं नाव न येता तू डेस्कटॉपपर्यंत पोचलीस, की हे कुलूप नाही. मग लॅपटॉप बंद करून बायोस उघडून बघ. लेनोवोच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर सहसा एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१०. तिथे पासवर्ड मागितला तर घेऊ नकोस. ‘आतली छोटी बॅटरी काढली की पासवर्ड जातो’ असं कुणी सांगेल. अलीकडच्या ऑफिसच्या मॉडेलवर तसं होत नाही, कधीकधी मदरबोर्डच बदलावा लागतो. बायोसमध्ये ‘कॉम्प्युट्रेस’ किंवा ‘ॲब्सोल्यूट’ नावाची नोंद चालू आहे का तेही पाहा. तो चोरीविरोधी पहारा असतो आणि चालू असला तर ज्याने तो लावला त्यानेच काढायला हवा.

मॅकबुक पाहणाऱ्या वाचकांसाठी: २०१८ पासून टी२ चिप असलेल्या आणि नंतरच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ असतं, म्हणजे यंत्राला मालकाच्या खात्याशी बांधून ठेवणारं कुलूप. विकणाऱ्याने तुमच्यासमोर आपल्या ॲपल खात्यातून बाहेर पडून ‘फाइंड माय’ बंद केल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि इंटेलचे जुने मॅक कितीही देखणे दिसोत, २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, तीही थोड्याच इंटेल मॉडेलांवर चालते. गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या क्रोमबुकचं असं, की प्रत्येक मॉडेलची अपडेट संपण्याची तारीख ठरलेली असते. ती तुम्ही घेतल्या दिवसापासून मोजली जात नाही, मॉडेलच्या जन्मापासून मोजली जाते. सेटिंग्जमध्ये ती दिसते, आधी ती पाहा.

‘फॉरमॅट केलं म्हणजे नव्यासारखं’ या समजुतीबद्दल आणखी थोडं. विकणाऱ्याने घातलेली विंडोज मी कधीच वापरणार नाही, तूही वापरू नकोस. ती मूळ आहे की फुकट चालू करणाऱ्या कुठल्या तरी ‘ॲक्टिव्हेटर’ने उठवलेली, हे वरून दिसत नाही, आणि त्या ॲक्टिव्हेटरसोबत काय काय आत शिरतं हे सांगता येत नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घे, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज बसवण्याचं त्यांचं मोफत साधन उतरव आणि सगळी डिस्क पुसून नव्याने विंडोज बसव. मूळ परवाना यंत्राच्या मदरबोर्डशी जोडलेला असला, तर तीच आवृत्ती बसवल्यावर ती इंटरनेट मिळताच आपोआप चालू होते. झाली नाही, तर परवान्याचा खर्च आता तुझ्यावर आला असं समज. हे होईपर्यंत त्या लॅपटॉपवर बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड टाकायचा नाही.

बॅटरीसाठी अंदाज करत बसायची गरज नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘powercfg /batteryreport’ असं लिहिलं की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर भरणारी क्षमता असे दोन आकडे असतात. ५०,००० होती आणि आता ३०,००० भरते, म्हणजे ६० टक्के उरली. ८० च्या वर असेल तर उत्तम. ५० च्या आसपास असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून बोल. बऱ्याच मॉडेलवर किती चार्ज-फेऱ्या झाल्या तेही त्यात येतं. हा अहवाल दूर बसलेला माणूसही दोन मिनिटांत काढून पाठवू शकतो, आणि मागितल्यावर तो टाळाटाळ करत असेल तर ते मला त्याच्या ओळखपत्रापेक्षा जास्त सांगून जातं. टचपॅड एका बाजूने उचललेला दिसला, किंवा झाकण लावल्यावर तळ डुगडुगला, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. असा लॅपटॉप चार्जिंगलाही लावायचा नाही. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

एसएसडीचं आरोग्य ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. टक्के आणि किती तास चालली हे पाहायचं. दोनच वर्षं वापरलेल्या यंत्राची डिस्क वीस हजार तास चाललेली असेल, तर ते दिवसाला सत्तावीस तास चाललं असलं पाहिजे. असा हिशोब तुला माझ्यापेक्षा चांगला करता येईल. बाकी कीबोर्डची प्रत्येक कळ, सगळी पोर्ट, कॅमेरा, माइक, वायफाय, बिजागरी यांना पाच मिनिटं पुरतात. घाईत लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे लॅपटॉप निदान अर्धा तास राबवणं. एखादा लांब व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लाव आणि सोबत जड काम चालू ठेव. तापून बंद पडणारा लॅपटॉप पहिल्या दहा मिनिटांत शहाण्यासारखा वागतो.

आता दादाचं म्हणणं. जुनं घेऊच नये, हे मला पटत नाही. तुला परवडेल असा नवा लॅपटॉप कसा असेल ते आधी पाहा. स्वस्तातल्या नव्यांत अनेकदा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ) साठवण असते, दोन्ही मदरबोर्डला चिकटवलेली, म्हणजे पुढे वाढवता येत नाहीत. आर हे सॉफ्टवेअर डेटा रॅममध्ये धरून काम करतं. ४ जीबीवर तुझा प्रकल्प दुसऱ्याच आठवड्यात अडेल, आणि पैसे मात्र खर्च झालेले असतील. वॉरंटी मिळेल हे खरं, पण पुरेसं नसलेलं यंत्र वॉरंटीत असून तुला काय उपयोग? त्यापेक्षा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, ऑफिसच्या श्रेणीतला वापरलेला लॅपटॉप चांगला. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक या श्रेणीत मोडतात. कंपन्या काही वर्षांनी ते घाऊक बदलतात, त्यामुळे ते मुबलक मिळतात. सुटे भाग सापडतात आणि दुरुस्तीच्या पुस्तिका उत्पादकांच्या साइटवर खुल्या असतात. रॅम वाढवता येते की नाही हे मात्र मॉडेलनुसार बघावं लागतं, कारण पातळ मॉडेलांत तीही चिकटवलेली असते. तुला निदान ८ जीबी हवी, १६ मिळाली तर सोनं.

असे लॅपटॉप तपासून, दुरुस्त करून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकणारे व्यावसायिक असतात. खासगी माणसापेक्षा तिथे थोडं जास्त द्यावं लागतं, आणि ते थोडं जास्त मी आनंदाने देईन, कारण त्यात ‘पैसे परत कसे येतील’ या मघाच्या प्रश्नाचं उत्तर असतं. परत घेण्याची मुदत लेखी असते, काही महिन्यांची हमी असते. पण शब्दांना भुलू नकोस. ‘ग्रेड ए’ हा बहुधा वरच्या ओरखड्यांचा दर्जा असतो, आतल्या बॅटरीशी त्याचा संबंध असेलच असं नाही. हमीत बॅटरी धरली आहे का, परत पाठवण्याचा खर्च कुणाचा, पैसे परत मिळतात की फक्त बदलून मिळतं, हे तीन प्रश्न लेखी विचार आणि उत्तरंही लेखी घे.

मैत्रिणीच्या ‘सगळे घेतात, काही होत नाही’वर एवढंच म्हणेन, की ज्यांचं काही झालं ते सहसा गप्प बसतात. फसलो हे सांगायला लाज वाटते. तू तुझ्या नमुन्याच्या निवडीत ही चूक कधीच होऊ दिली नसतीस.

आणि वडील. ‘तुला समजतं ते कर’ या वाक्याचं तुला ओझं झालंय, ते पत्राच्या शेवटच्या ओळींत दिसतं. चुकलीस तर त्यांना कसं तोंड दाखवायचं, अशी भीती आहे. म्हणून तुला आजच निकाल लावून मोकळं व्हायचं होतं, असं मला वाटतं. पण त्यांनी तुला घाई करायला सांगितलेलं नाही. लॅपटॉपवाचून तीन आठवडे काढता येतील का ते बघ: महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा, मैत्रिणीचा संध्याकाळचा लॅपटॉप, ब्राउझरमध्ये चालणारं पायथन. तीन आठवड्यांत तुला निवड करायला जागा मिळेल. आणि ही सगळी शोधाशोध वडिलांना सांग. त्यांना प्रोसेसरची पिढी कळणार नाही कदाचित, पण व्यवहार कळतो. विसार कुणाला द्यावा आणि कुणाला नाही, हे त्यांना आपल्या दोघींपेक्षा जास्त ठाऊक असेल.

राहता राहिला तो विकणारा. सहाव्या पिढीमुळे हा लॅपटॉप या किमतीला तू घेऊ नयेस असंच माझं मत आहे. तरी त्यावर तुझं मन बसलं असेल, तर त्याला असा मेसेज कर:

‘विसार पाठवू शकत नाही. माझ्या ओळखीचं कुणीतरी तुमच्या शहरात शनिवारी किंवा रविवारी दिवसा, गर्दीच्या ठिकाणी येऊन लॅपटॉप पाहील. रीसेट करून आणा, सेटअप आमच्या इंटरनेटवर करू. मूळ बिल सोबत हवं. सगळं ठीक असेल तर पूर्ण रक्कम जागेवरच देऊ. ते जमत नसेल तर साइटच्या स्वतःच्या पेमेंटमधूनच व्यवहार करू, म्हणजे वस्तू मिळून तपासल्यावर पैसे तुमच्याकडे जातील. त्याआधी बॅटरीचा अहवाल आणि आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह लॅपटॉपचा चालू अवस्थेतला फोटो पाठवा. सहाव्या पिढीचा असल्याने किमतीबद्दलही बोलावं लागेल.’

पेमेंटचा दुवा त्याने पाठवला तर तो उघडू नकोस, साइट स्वतः उघडून आत जा. ‘पैसे घेण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ असं कुणीही म्हणालं तर तिथेच थांब, कारण कोड स्कॅन करून पिन टाकला की तुझ्याच खात्यातून पैसे जातात. पार्सल आलंच, तर बंद खोक्यापासून लॅपटॉप सुरू होईपर्यंत एकसलग व्हिडिओ काढ, सीरिअल नंबर स्पष्ट दिसेल असा.

तो हो म्हणाला तर त्या शहरातल्या तुझ्या ओळखीच्या माणसाला पेनड्राइव्ह, मोबाइलचं इंटरनेट आणि हे उत्तर घेऊन पाठव. चिडला, गप्प झाला किंवा दुसऱ्याला विकतोय म्हणाला, तर विकू दे. आणि सीनिअर मुलांना मेसेज टाकलास की कुणाकडे काय सापडलं ते मॉडेलच्या पूर्ण नावासकट मला कळव, म्हणजे आकडे आपण मिळून पाहू.